पेण-रोहा चाहता मेळाव्याची एकसमान मानके

मी एकतीस वर्षं धाटावच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला होतो. ड्रमवरचं लेबल झाकणापासून किती बोटं खाली चिकटवायचं, याचं तीन पानी मानक मी लिहिलेलं आहे आणि ते अजून पाळलं जातं, असं ऐकतो. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. कारण पुढे पेणच्या आणि रोह्याच्या बायकांनी माझी जी किंमत केली, ती वाचून एखाद्याचा समज व्हायचा की, घरात कोणी विचारत नाही म्हणून हा गृहस्थ मालिकांच्या नादी लागला. मी ती मालिका कधीही बघितलेली नाही. जेवताना समोर लागलेली असते, तेवढीच.

मालिकेचं नाव 'माहेर अकरा कोसांवर'. नऊ वर्षं चालू आहे. तिच्यात इंदुमती नावाची एक धाकटी सून आहे, ती रडते. आणि नलूवहिनी नावाची थोरली जाऊ आहे, ती रडवते. नऊ वर्षांत इंदुमती काही माहेरी पोचलेली नाही. एकदा टेम्पोत बसली होती, तर टेम्पो बंद पडला आणि त्या बंद टेम्पोवर त्यांनी सतरा भाग काढले. अकरा कोस म्हणजे साधारण रोह्याजवळच्या आमच्या वरसेपासून पेण. माणूस रांगत निघाला असता तरी एव्हाना पोचून परत आला असता. हे मी एकदा जेवताना बोललो, तेव्हा मला दोन दिवस आमटी गार मिळाली.

तर या मालिकेचे चाहते आहेत, आणि ते नुसते बघून गप्प बसत नाहीत, मेळावे भरवतात. वरसे आणि अष्टमीकडच्या बायकांचं 'इंदुमती चाहता मंडळ' आहे, त्याची अध्यक्ष माझी बायको अनिता. पेणला रामवाडीत 'नलूवहिनी ग्रुप' आहे, त्याची अध्यक्ष अनिताची सख्खी थोरली बहीण, शकूताई. वर्षातून एकदा दोन्हीकडच्या बायका एकत्र जमायच्या, मालिकेतल्यासारख्या साड्या नेसायच्या, मालिकेतले प्रसंग करून दाखवायच्या, वडे खायच्या आणि घरी जायच्या. चांगल्या शहाण्यासुरत्या बायका. एकीने वीस वर्षं बँकेत कॅशवर काम केलेलं, हजाराची नोट उजेडात धरून बघणारी. ती इथे नाकात चापाची नथ अडकवून स्टेजवर 'मला माहेरी जाऊ द्या' म्हणत लोळायची, आणि समोरच्या ऐंशी जणी डोळे पुसायच्या. मी मागे उभा राहून बघत असे. कोणीतरी शुद्धीवर असायला हवं.

गेल्या वर्षीच्या मेळाव्यात चर्चा निघाली की, नलूवहिनी इंदुमतीच्या डोहाळजेवणाला उशिरा आली, ते मुद्दाम की नाइलाजाने. शकूताईने माइक घेतला आणि म्हणाली, "थोरलीला घरची कामं असतात. होतो उशीर. त्याचा एवढा बाऊ कशाला?" अनिताने दुसरा माइक घेतला. म्हणाली, "तू पण ऋतुजाच्या साखरपुड्याला ताटं उचलल्यावरच आली होतीस." ऋतुजा म्हणजे आमची मुलगी. शकूताई म्हणाली, हायवेला ट्रॅफिक होतं. अनिता म्हणाली, "नलूवहिनी पण हेच सांगते."

हे सगळं स्पीकरवरून चाललं होतं. बाहेर चप्पल दुरुस्त करणाऱ्यालासुद्धा ऐकू गेलं. त्या दिवसापासून तेरा महिने दोघी बहिणी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

आता ऋतुजाचं लग्न वैशाखात ठरलं. आमच्याकडे सख्ख्या बहिणीला पत्रिका फोनवर पाठवत नाहीत. घरी जायचं, कुंकू लावायचं, हातावर अक्षत ठेवायची, तेव्हा ते आमंत्रण. अनिता म्हणाली, "ताईनं आधी 'माझं चुकलं' म्हणावं, मग मी तिचा उंबरा चढते." शकूताईने मला फोनवर सांगितलं, "धाकटीने हातावर अक्षत दिली तर येईन, भावोजी. नायतर माझी वाट बघू नका." आणि ऋतुजाने पुण्याहून कळवलं की, मावशीने हळद लावल्याशिवाय ती पाटावर बसणार नाही. तिचं म्हणणं चूक नव्हतं. ती तीन वर्षांची असताना अनिता चार महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा शकूताईने तिला पेणला नेऊन पोटच्या पोरीसारखं सांभाळलं होतं. थोडक्यात म्हणजे पत्रिका छापून आल्या होत्या, हॉल ठरला होता, नवरामुलगा तयार होता, आणि लग्न दोन बायकांच्या दोन वाक्यांत अडकलं होतं.

ऋतुजाच फोनवर सहज बोलून गेली, "बाबा, मी मागे ते कॉमिक्सवाल्यांचं फॅन कन्व्हेन्शन बघायला गेले होते ना, तिकडे सगळ्याचे नियम लिहिलेले असतात. पोशाख कसा, रांग कशी, कोणी कोणाला काय बोलायचं नाही. आईच्या आणि मावशीच्या मेळाव्याला असं काही असतं तर हे झालंच नसतं."

मुलीच्या तोंडून इतकं समंजस वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. खरंच होतं. ज्या मेळाव्यात कोण, कुठे, काय बोलेल याचा धरबंध नाही, तिथे भांडणाशिवाय दुसरं काय निघणार? एकसमान मानकं ठरवायची, त्यांच्यानुसार पेण-रोह्याचा संयुक्त मेळावा घ्यायचा, दोघी अध्यक्ष एका स्टेजवर बसणार, बसल्या की बोलणार, बोलल्या की अक्षत. मी त्याच दुपारी कपाटावरून जुना लॅपटॉप काढला आणि 'आवृत्ती एक' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

शेजारच्या प्रविणरावांना याचा वास कसा लागला कोण जाणे. आमच्या सोसायटीत कोणी कुकरची शिट्टी बदलली तरी प्रविणराव सल्ला द्यायला येतात. ते म्हणाले, "आधी लोगो करा. लोगो नसेल तर कोणी सिरियसली घेत नाही." मग म्हणाले, "मानकं राष्ट्रीय पातळीवर न्या, सगळ्या मालिकांना लागू होतील." मग म्हणाले, "माझ्या ओळखीचा एक जण आहे." प्रविणरावांच्या ओळखीचा एक जण प्रत्येक खात्यात आहे आणि तो प्रत्येक वेळी नेमका रजेवर असतो. मी त्यांना चहा दिला आणि लोगो केला नाही.

पहिलंच कलम होतं, चाहता कोणाला म्हणावं. मी लिहिलं, 'मालिकेचे सलग शंभर भाग पाहिलेली व्यक्ती.' अनिताने हे मंडळात वाचून दाखवलं. अष्टमीच्या हौसाकाकू मंडळात सगळ्यांत वडील, त्यांनी निरोप पाठवला की, त्या रोज मालिका लावतात पण मध्ये डोळा लागतो, मग त्या चाहत्या की नाही? मी जोडलं, 'डोळा लागला असल्यास आवाज चालू असणे आवश्यक.' पेणहून शकूताईने विचारलं, आमच्याकडे मोबाइलवर बघतात, त्यात पुढे पळवलेलं धरायचं का? मी जोडलं, 'पुढे पळवलेला भाग अर्धा धरावा.' मग बँकेतल्या बाईने हिशोब मागितला की, पन्नास पूर्ण आणि शंभर अर्धे मिळून सलग होतात का. अशा रीतीने पहिलं कलम दीड पान झालं.

मोबाइलचा मुद्दा आणखी वाईट होता. पेणच्या बायका मोबाइलवर तोच भाग सकाळी बघतात आणि रोह्याच्या संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर. त्यामुळे दुपारीच पेणहून कोणीतरी 'आज काय ते बाळ जगत नाय' असं लिहून मोकळं होतं आणि रोह्यात सात घरांत चहा तसाच राहतो. मी कलम घातलं की, कथा आधी फोडल्यास त्या सभासदाला पुढच्या मेळाव्यात वडा नाही. यावर शकूताईचा मला आवाजी संदेश आला, "बघितलं ते बघितलं. तोंडाला टाका घालून बसायचं काय आम्ही?" अनिताने उत्तर दिलं, "तिला सांगा, तोंडाला टाका घातला असता तर गेल्या मेळाव्यालाच बरं झालं असतं." मी अर्थातच सांगितलं नाही. दोघी बहिणींचं सगळं बोलणं आता माझ्या फोनवरून जात होतं आणि त्यातलं निम्मं मी गाळत होतो. कंपनीत एवढं गाळलं असतं तर माल कधी परत आला नसता.

शकूताईचे यजमान, माझे साडू गुणाजीराव, यांचं घराणं मिठागराचं. माणूस उन्हात वाढलेला आणि कमी बोलणारा. त्यांनी एकदाच फोन केला. म्हणाले, "साडू, तुम्ही लिवताव ते बरा हाय. पन त्या दोघींमधी पडू नका. मी चाळीस वर्सां पडलो नाय, म्हून जिता हाय." मी त्यांना समजावलं की, शास्त्रीय पद्धतीने पडलं तर लागत नाही. त्यांनी फोन ठेवला.

वड्याचं मानक करताना मला खरा आनंद मिळाला, हे कबूल करतो. रोह्याच्या मेळाव्यातले वडे मोठे आणि पेणच्या मेळाव्यातले लहान, ही जुनी तक्रार. मी दोन्हीकडून पाच-पाच वडे आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. पेणचा सरासरी अठ्ठेचाळीस ग्रॅम, रोह्याचा एकाहत्तर. मी साठ ठरवला, पाच ग्रॅम इकडे-तिकडे चालेल. पेणच्या वडेवाल्याला हे छापील कागदावर नेऊन दिलं. त्याने कागद तेलकट हातात धरून मन लावून वाचला आणि विचारलं, "साठ ग्रॅम कच्चा काय तळलेला?" एकतीस वर्षांत मला इतका अडचणीचा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी घरी येऊन परिशिष्ट ब लिहिलं.

जागेचा प्रश्न मी अंतर मोजून सोडवायचं ठरवलं. मधोमध येतं नागोठणे. पेणचा निरोप आला, नागोठणे रोहा तालुक्यात, म्हणजे रोह्याचंच. मी वडखळ सुचवलं. रोह्याचा निरोप आला, वडखळ पेण तालुक्यात. दोन तालुक्यांची हद्द जिथे जाते तिथे मी स्कूटर घेऊन जाऊन आलो. तिथे एक ओढा आणि टायर पंक्चरचं दुकान आहे. शेवटी नाणं उडवलं आणि रामवाडीतला एक हॉल ठरला. नाणं मीच उडवलं, मीच झेललं आणि पडलेली बाजूही मीच जाहीर केली, तरी अनिताचं मत असं की, मी ताईला फितूर आहे.

मग स्पीकरची परवानगी. ती कुठल्या खिडकीवर मिळते ते मी सांगत नाही, मला अजून तिथे जावं लागतं. अर्जावर चार रकाने होते: धार्मिक, राजकीय, क्रीडा, मनोरंजन. मी विचारलं, चाहत्यांच्या मेळाव्यासाठी कुठला? खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "कलाकार कोण येणार?" मी म्हटलं, कोणी नाही, सगळे प्रेक्षकच. "प्रेक्षकांना स्पीकर कशाला लागतो?" मी म्हटलं, बायका प्रसंग करून दाखवतात आणि रडतात. ते म्हणाले, "मग शोकसभेत घालू काय? त्याला अर्धाच तास मिळतो." मनोरंजन लिहिलं तर सहा कागद जोडायचे होते आणि त्यांतला एक अलिबागला मिळणार होता. शेवटी त्यांना माझी दया आली. "दिवा लावणार ना? नारळ फोडणार ना? मग धार्मिकवर खूण करा काका, आजच देतो."

मी एकतीस वर्षांत एकही खोटी नोंद केलेली नाही. तापमान बहात्तर असेल तर बहात्तरच लिहिलं, साहेब डोक्यावर उभा असतानासुद्धा. त्या दिवशी मी धार्मिकवर खूण केली. मुलीच्या लग्नासाठी माणूस काय काय करतो, ते पुरुषांचं पुरुषांनाच ठाऊक.

राहिलं होतं मानचिन्ह. पेणला येऊन मानचिन्ह दुकानातून विकत घ्यायचं म्हणजे लाज. घरटी गणपती घडवणारं गाव ते. शकूताईच्या ओळखीने मी पुंडलिकच्या कारखान्यात गेलो. बाहेर वाळत घातलेले गणपती, आत रंगाचा वास, आणि पुंडलिक पाटावर बसून एका मूर्तीचे डोळे आखत होता. मी त्याला कलम एकोणीस वाचून दाखवलं. एक मुखवटा इंदुमतीचा, एक नलूवहिनीचा. एक रोह्याला द्यायचा, एक पेणला. दोन्ही मुखवटे आकार, रंग आणि चेहऱ्यावरचे भाव या बाबतीत तंतोतंत समान. या शेवटच्या अटीवर मी फार विचार केला होता. एकीचा मुखवटा जरा उजवा निघाला असता तर लग्न पुढच्या वैशाखावर गेलं असतं.

पुंडलिकने कुंचला खाली ठेवला. "एक रडते नि एक दात खाते. मग सारख्या कशा करायच्या?"

"तेच तर मानक आहे," मी म्हटलं. "रडायचं नाही, दात खायचे नाहीत. दोघी प्रसन्न."

"दोघी प्रसन्न, दोघी सारख्या, जोड." त्याने मान हलवली. "आलं ध्यानात. त्याचा साचा हाय माझ्याकडं. काय काळजी करू नका." कारागिराला कळलं, याचा मला आनंद झाला. निघताना तो म्हणाला, "साड्या तुमच्या तुम्ही नेसवणार ना?" मला वाटलं, सहज चौकशी म्हणून विचारतोय. मी 'बघू' म्हटलं.

चैत्रातल्या दुसऱ्या रविवारी मेळावा. मी मानकांची चौथी आवृत्ती, बत्तीस पानं, स्पायरल बाइंडिंग, बगलेत धरून सकाळी आठला हॉलवर पोचलो. आवृत्तीप्रमाणे ऐंशी खुर्च्या, दोन समान उंचीच्या अध्यक्षीय खुर्च्या आणि मध्ये एक टेबल असायला हवं होतं. एकही खुर्ची नव्हती. हॉल सांभाळणारा निकेश दारात झेंडूचं तोरण बांधत होता. त्याच्या हातात परवानगीचा कागद होता. म्हणाला, "धार्मिक हाय ना काका? मी सगळ्या खुर्च्या उचलल्या. सतरंज्या टाकल्यात. चपला बाहेर काढा." मी त्याला अडचण समजावून सांगितली. तो म्हणाला, कागदावर जे आहे ते आहे. मी स्वतः आयुष्यभर हेच वाक्य इतरांना ऐकवत आलो होतो. मी चपला काढल्या. वड्यांचा टेम्पो आला तर त्याने तोही दारातच थांबवला. वड्यात लसूण असते, धार्मिक कार्यक्रमाला आत चालणार नाही. बरोब्बर साठ ग्रॅमचे दोनशे वडे रस्त्यावर उभे राहिले आणि तळलेले की कच्चे, हे कोणी विचारलं नाही.

दहाला बायका आल्या. रोह्याच्या बसमधून चाळीस इंदुमती उतरल्या, फिकट निळ्या साड्या, केस मोकळे. पेणकडून अकरा नलूवहिनी गडद हिरव्या साड्यांत आणि बाकी पाठराखणीला. कपाळावर दीड इंच टिकली, मानकाप्रमाणे. सगळ्या जणी सतरंजीवर बसल्या. मध्ये एक पट्टी रिकामी सोडून, इकडे रोहा आणि तिकडे पेण. अनिता एका टोकाला, शकूताई दुसऱ्या. शकूताई छताच्या पंख्याकडे बघत होती आणि अनिता स्वतःच्या बांगड्यांकडे. मी माइक हातात घेऊन उद्देशिका वाचायला सुरुवात केली. चौथ्या ओळीला हौसाकाकूंचा डोळा लागला.

तेवढ्यात पुंडलिक टेम्पोतून मानचिन्हं घेऊन आला. पायातल्या चपला काढून, दोन्ही लाल फडक्यात गुंडाळून, डोक्याच्या उंचीवर धरून तो ती आत घेऊन आला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. निकेशने पुढे होऊन पाट मांडला. पुंडलिकने मुखवटे ठेवले आणि फडकं काढलं.

शांत, गोरे, मोठ्या डोळ्यांचे दोन चेहरे. नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर. भाव तंतोतंत समान. काम सुरेखच होतं, त्यात मला काही खोट काढता आली नाही.

हौसाकाकू जाग्या झाल्या. "अगो," त्या म्हणाल्या, "ह्या तर गौरी."

सगळा हॉल उभा राहिला. अकरा नलूवहिनींनी एकदम डोक्यावर पदर घेतले, चाळीस इंदुमतींनी मोकळे केस बांधले. पर्समधून हळदीकुंकवाच्या डब्या निघाल्या. बायकांच्या पर्समध्ये काय काय असतं ते मी लग्नाच्या तीस वर्षांत कधी तपासलं नव्हतं. मी माइकवरून सांगितलं की, कृपया बसून घ्या, या ट्रॉफ्या आहेत, डावीकडची इंदुमती आणि उजवीकडची नलूवहिनी. "तसं बोलू नका," बँकेतली बाई मला म्हणाली, "पाप लागतं." मी पुंडलिककडे बघितलं. तो म्हणाला, "तुम्हीच सांगितलात, जोड, सारखी, प्रसन्न. अशा दुसऱ्या कोण असतात?" कोणीतरी शंका काढली की, गौरी भाद्रपदात येतात, आत्ता चैत्रात कशा? हौसाकाकूंनी ती दोन वाक्यांत निकालात काढली. "आमच्या शेजारच्या बाईंकडं चैत्रात गौर बसते. आल्या त्या आल्या, त्यांना काय तारीख विचारायची?" त्यांनी स्वतः पुढे होऊन तांदळाला कुंकू लावलं, ताट केलं, समई लावली. माझ्या बत्तीस पानांचा कोणीतरी पाटाखाली टेकू केला, कारण पाट डुगडुगत होता.

आता मी काय करायला हवं होतं ते तुम्ही सांगा. कार्यक्रमपत्रिकेत पुढचा विषय होता, मानचिन्हांचं वाटप. सगळं हातातून चाललेलं असताना निदान एक कलम तरी धडपणे पार पडावं, म्हणून मी पुढे झालो, डावीकडचा मुखवटा उचलला आणि म्हणालो, "कलम एकोणीसप्रमाणे ही रोह्याची. आणि ही दुसरी पेणला राहील."

"ठेवा खाली," शकूताई म्हणाली.

"ठेवा आधी खाली," अनिता म्हणाली.

दोघी दोन टोकांकडून उठून रिकाम्या पट्टीवर येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. शकूताई म्हणाली, "जोड फोडताय? थोरली नि धाकटी बहिणी बहिणी त्या. एक पेणला ठेवायची नि एक रोह्याला, असं कुठं असतं काय?"

"पण मानकात," मी म्हटलं, "स्पष्ट लिहिलेलं आहे की..."

"तुम्ही गप्प बसा," दोघी एकदम म्हणाल्या.

मी मुखवटा खाली ठेवला. शकूताईने मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. बाजारात घेऊन फसलेली वस्तू बाई घरी आणून उजेडात बघते तसं. आणि माझ्यावरची नजर न काढता तेरा महिन्यांत पहिल्यांदा बहिणीशी बोलली.

"हे पहिल्यापासून असेच हायत काय गो?"

"तूच स्थळ आणलं होतंस ताई," अनिता म्हणाली.

ते खरं होतं. मला बघायला शकूताईच आली होती. तिने मला तीन प्रश्न विचारले होते आणि घरी जाऊन सांगितलं होतं की, मुलगा व्यवस्थित आहे.

शकूताईने सुस्कारा सोडला. "चुकलं गो माझं," ती म्हणाली.

मी अनिताकडे बघितलं. मला वाटलं, ही आता सांगेल की, हे नव्हे, ते साखरपुड्याचं म्हण. क्वालिटीच्या माणसाला तरी हा माल पास करता आला नसता. तिने तसं काही सांगितलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते मालिकेचं नव्हतं. तिने हौसाकाकूंच्या ताटातलं कुंकू घेऊन बहिणीच्या कपाळाला लावलं, चिमूटभर अक्षत तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "वैशाखातल्या दुसऱ्या रविवारी आहे. चार दिवस आधी ये."

मला अपमान वाटत होता, खूप वाटत होता, आणि त्याच वेळी बरंही वाटत होतं. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "शकूताई, गाडी पाठवतो."

शकूताईने अक्षतीची मूठ मिटली. "आठ दिवस आधी येते," ती अनिताला म्हणाली. "ह्यांच्या हातात लगीन ठेवलंस, तर पोरीला हळद लागायची नाय."

इकडच्या चाळीस जणींनी आणि तिकडच्या सगळ्यांनी माना हलवल्या. दारात वड्यांच्या टेम्पोपाशी उभ्या असलेल्या गुणाजीरावांनीही हलवली. पेण आणि रोहा यांचं ज्याच्यावर संपूर्ण एकमत आहे, असा तो एकच मुद्दा आजवर निघाला आहे, आणि माझ्या बत्तीस पानांत तो कुठेही नव्हता.